पंधरावा प्रकल्प

सहायक प्रणालीनं अकरा सेकंदांत तयार केलेल्या यादीत चौदा प्रकल्प होते. यादीखाली एक रेघ, आणि रेघेखाली छापलेलं: सुलक्षणा मगदूम, नोंदणीकृत भांडारपाल. सही तेवढी बाकी होती.

मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत ‘अविचल’ नावाची कंपनी होती. ज्यांचे हात थरथरतात अशा माणसांसाठी ती एक यंत्र बनवायची. मेंदूत केसासारखी एक तार, गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी. सुलक्षणा तिथं अठरा वर्षं होती. आता परदेशातली एक मोठी कंपनी ‘अविचल’ विकत घेणार होती, आणि त्यांनी पहिल्यांदा मागितली होती ती ही यादी: तुमच्या सॉफ्टवेअरच्या रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या भांडारात, कोणकोणते प्रकल्प साठवलेले आहेत. यादीतले प्रकल्प नव्या भांडारात नेले जाणार होते. शुक्रवारी दुपारनंतर जुनं भांडार पुसून टाकलं जाणार होतं.

२०३७ च्या कायद्यानं अशा प्रत्येक कंपनीला भांडारपाल नेमणं भाग पडलं होतं. माणसाच्या शरीरात जे सॉफ्टवेअर चालतं त्याचा प्रत्येक शब्द आणि त्यात झालेला प्रत्येक बदल कुठं आहे हे त्याला ठाऊक हवं, आणि विचारल्यावर त्यानं ते सहीनिशी सांगायला हवं. यंत्रानं केलेली यादी कायद्याला चालत नव्हती. यंत्राला तुरुंगात पाठवता येत नाही ना, असं लोक गमतीनं म्हणायचे.

सोमवारी सकाळी सुलक्षणानं पेन उघडलंही होतं. पण आदल्या दिवशीचं एक बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

रविवारी ती आईची सतार आणायला दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात गेली होती. आई सांगलीत सतार शिकवायची, आणि तिच्या सतारीची जवारी चाळीस वर्षं दस्तगीरचाचाच काढायचे. तारा ज्या हाडाच्या घोडीवरून जातात तिच्यावर कानस फिरवून ते तारेचा आवाज उघडायचे. त्या कामात कागदाच्या जाडीएवढा फरक पडला तरी सूर मरतो. अकरा वर्षांपूर्वी चाचांच्या उजव्या हाताला कंप सुटला तेव्हा सुलक्षणाच त्यांना कंपनीत घेऊन आली होती. यंत्राची पहिली चाचणी चालू होती. एकसष्ट जणांना डबी बसवली, त्यांत चाचा एक. सात-आठ वर्षं त्यांचा हात विशीतल्या पोरासारखा चालला. मग तीन वर्षांपूर्वी कंप परत आला, आणि तो आधीपेक्षा वाईट होता. कंपनीच्या मदतकक्षानं सांगितलं की आजार पुढं गेलाय, आता इलाज नाही.

रविवारी चाचांनी सतार न उघडताच परत दिली. जवारी आता त्यांच्याच्यानं होत नव्हती. सुलक्षणा समजुतीचं काहीतरी बोलली. आजार वाढतो, वयही झालंय, असलंच काही. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले,

“एक सांग सुलू. डबी चार्जिंगला लावली की तासभर ती बंद असते. त्या तासात माझा हात शहाण्यासारखा वागतो. डबी सुरू झाली की पुन्हा नाचायला लागतो. हे उलटं नाही का?”

डॉक्टरांनाही त्यांनी हे सांगितलं होतं. विश्रांतीमुळं तसं वाटत असेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सुलक्षणालाही तसंच वाटलं. तरी निघताना तिनं त्यांच्या रुग्णकार्डावरचा यंत्राचा क्रमांक फोनमध्ये टिपून घेतला होता.

सोमवारी सही करण्याआधी तिनं तो क्रमांक यादीत शोधला. यादीत अविचल-दोन होतं, अविचल-तीन होतं, त्यांचे चार्जर, डॉक्टरांच्या हातातली उपकरणं, सगळं होतं. चाचांच्या छातीत जे चालत होतं ते कुठंच नव्हतं.

तिनं पेन बंद केलं.

कोडचं भांडार म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर सुलक्षणा वहीचं उदाहरण द्यायची. अशी वही, की जिच्यातलं पान फाडता येत नाही. कुणी एक अक्षर बदललं तरी वही नवं पान उघडते, त्यावर सगळं पुन्हा मांडते, आणि कोपऱ्यात लिहिते: पान क्रमांक अमुक, बदल तमुक, करणारा फलाणा. प्रकल्प पुसला म्हणजे तो फक्त पुढच्या पानावर उतरवला जात नाही. मागच्या पानांवर तो असतोच. ‘कोणते प्रकल्प आहेत?’ असं यंत्राला विचारलं की ते शेवटचं पान वाचून दाखवतं. त्यात त्याची चूक नसते. त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

आणि दुसरी अडचण अशी की भांडारात कशावरही ‘हा प्रकल्प’ अशी पाटी नसते. नुसती फोल्डर्स असतात. कुणाची टिपणं, कुणाचे अर्धवट प्रयोग, कुणी सुट्टीवर जाताना ठेवलेली नक्कल. त्यांतलं खरं यंत्र कोणतं हे ओळखावं लागतं. खऱ्या प्रकल्पात बांधणीची कृती असते, म्हणजे हे कोड कोणत्या क्रमानं जोडून कोणत्या यंत्रात भरायचं ते सांगणारी फाईल. तिच्यात यंत्राचा क्रमांक असतो.

त्या भांडाराला चोपन्न हजारांवर पानं होती. सुलक्षणानं पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि जिथं जिथं काही पुसलं गेलं ती पानं बाजूला काढली. ‘अविचल-एक’ या नावाचं काहीच सापडलं नाही. मग तिनं पुसलेलं प्रत्येक फोल्डर, ते पुसण्याच्या एक पान आधी जसं होतं तसं, उघडायला घेतलं. सोमवार त्यात गेला, मंगळवारची सकाळ गेली. मंगळवारी दुपारच्या चहाच्या सुमाराला तिनं ‘झोपाळा’ नावाचं फोल्डर उघडलं. बांधणीची कृती होती. तिच्यातला क्रमांक आणि फोनमधला क्रमांक एकच होता.

झोपाळा हे नाव इंजिनियर लोकांनी लाडानं ठेवलेलं असणार, हे तिला लगेच कळलं, कारण यंत्राचं तत्त्वच ते होतं. हात थरथरतो तेव्हा मेंदूतल्या एका ठिकाणच्या हजारो पेशी एका तालात धडकत असतात, सेकंदाला पाच-सहा वेळा. तो ताल म्हणजे चालता झोपाळा. झोपाळा तुमच्याकडं येत असताना त्याला हलकासा धक्का दिला तर तो मंदावतो. जाताना दिला तर उंच जातो. धक्का तोच, वेळ तेवढी वेगळी. डबी तो ताल ऐकायची आणि बरोबर उलट्या वेळी विजेचा छोटासा धक्का द्यायची. हात थांबायचा.

फोल्डरमधला शेवटचा बदल २०३६ सालचा होता. फर्नांडिस नावाच्या इंजिनियरनं केलेला. तो नंतर नोकरी सोडून न्यूझीलंडला गेला होता. त्यानं प्रयोगशाळेत डबीचं घड्याळ वेगानं पुढं पळवून पाहिलं होतं, आणि त्याला दिसलं की वेळ मोजताना प्रत्येक दिवशी एक सूक्ष्म अंश सुटतो. आठव्या वर्षापर्यंत ते अंश साचत जातात आणि धक्का सरकतो. मग डबी झोपाळ्याला थांबवण्याऐवजी झोके देऊ लागते. फर्नांडिसनं दुरुस्ती लिहिली होती, तपासली होती, आणि टीप ठेवली होती: “आता कुणाला त्रास नाही. २०३८ पासून होईल. एकसष्ट जणांना त्याआधी द्यावी.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी झोपाळा पुसला गेला होता. पान क्रमांक अठ्ठेचाळीस हजार तीनशे सोळा. आणखी दोनशे अकरा फोल्डर्सबरोबर. बदलाचं कारण: जुनी अडगळ काढली. करणाऱ्याचं नाव: एस. मगदूम.

सुलक्षणा त्या ओळीकडं बघत राहिली. मग उठून व्हरांड्यात गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली. तिला तो आठवडा आठवत होता. सरकारी तपासणी यायची होती. निरंजन आवटींनी कागदावर फोल्डरांची नावं लिहून दिली होती आणि ही अडगळ काढून टाक म्हणाले होते. तिनं ती नावं एकामागून एक पुसण्याच्या आज्ञेत भरली होती. एकही फोल्डर उघडून पाहिलं नव्हतं. तो कागद त्याच संध्याकाळी टोपलीत गेला होता.

आवटी म्हणजे कंपनीचे संस्थापक. दोन खोल्यांत कंपनी होती तेव्हा सुलक्षणाला त्यांनी नोकरी दिली, भांडार म्हणजे काय ते शेजारी बसून शिकवलं, तिच्या वडलांच्या आजारपणात स्वतः गाडी चालवत तिला पुण्याला नेलं. बुधवारी सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली आणि तिनं सगळं सांगितलं. त्यांनी अडवलं नाही, नाकारलंही नाही. उलट त्यांना हलकं वाटल्यासारखं तिला दिसलं.

त्या वर्षी अविचल-दोनची मंजुरी दारात होती, ते सांगू लागले. पहिल्या यंत्रातला दोष कळवला असता तर मंजुरी थांबली असती, कंपनी बुडाली असती. आज जी तीन हजार माणसं अविचल-दोनवर हातानं जेवतात, ती जेवली नसती. आठवं वर्ष लांब होतं. तोवर त्या एकसष्ट जणांना नवी डबी बसवून देऊ असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढं ते राहून गेलं. खोटं ते बोलत नव्हते. राहूनच गेलं होतं.

“भांडारात काय आहे ते विचारलंय,” ते शेवटी म्हणाले. “आज्ञा चालवली की चौदा दिसतात. चौदा लिही.”

“काय साठवलंय ते विचारलंय, सर. काय दिसतं ते नाही.”

आवटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पंधरावं नाव लिहिलंस की पुढचा प्रश्न येणार, ते पुसलं कुणी. तिथं माझं नाव नाहीये, सुलक्षणा.”

त्यांनी ते धमकीच्या सुरात म्हटलं नव्हतं. डॉक्टर रिपोर्ट सांगतो तसं सांगितलं. तिला त्या सुराचा जास्त राग आला. हा माणूस तिला वाचवायचा प्रयत्न करत होता, आणि तिनं त्याबद्दल आभार मानावेत अशी त्याची अपेक्षा होती. शुक्रवारपर्यंत विचार कर, असं ते म्हणाले. विचार करायला काही उरलं नाही, असं ती म्हणणार होती. पण ते खरं नव्हतं.

घरी तिनं फक्त आईला सांगितलं. भांडारपालाची सनद जाईल, कदाचित खटलाही होईल. आईनं शिकवणीसाठी लावलेलं तानपुऱ्याचं यंत्र बंद केलं आणि विचारलं, दस्तगीरभाईंना सांगितलंस का? सुलक्षणा नाही म्हणाली. मग आधी तिकडं जा, आई म्हणाली, बाकीचं नंतर माझ्याशी बोल.

गुरुवारी दुपारी ती सतारमेकर गल्लीत गेली. दुकानात वाळत घातलेले भोपळे ओळीनं टांगलेले होते आणि चाचा पुतण्याला लाकूड कसं निवडायचं ते तोंडानं सांगत बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता. सुलक्षणानं पुतण्याला बाहेर जायला सांगितलं आणि झोपाळ्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. दुरुस्ती पाच वर्षांपूर्वीच लिहून झाली होती, हे सांगितलं. ती पुसणारं नाव कुणाचं, हेही सांगितलं. मी बघितलं नव्हतं, असं म्हणायचं तिनं टाळलं. नंतर तिला वाटलं, बरं झालं टाळलं.

मांडीखालचा हात चाचांनी बाहेर काढून समोर धरला. तो हवेत नुसता फडफडत होता.

“तीन वर्षं मी या हाताला शिव्या दिल्या,” ते म्हणाले. “हरामखोर म्हटलं याला.”

त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घातला.

“उद्या काय करणार?”

“लिहिणार.”

“मग लिही. आणि आता जा तू.”

ती उठली. दारात पोचल्यावर तिला वाटलं, ते हाक मारतील. त्यांनी मारली नाही.

शुक्रवारी अकरा वाजता बैठक होती. खरेदीदार कंपनीच्या वतीनं बंगळूरहून कुरियन नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. आवटी होते, दोन संचालक होते. चहा आला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग कुरियनबाईंनी हिंदीत यादी मागितली. सुलक्षणानं कागद पुढं सरकवला. बाईंनी बोट ठेवत ओळी मोजल्या आणि मान वर केली. त्यांच्याकडं आलेल्या मसुद्यात चौदा होते, इथं पंधरा कसे, असं त्यांनी विचारलं.

आवटी मध्ये बोलले. ती जुनी प्रयोगशाळेतली टिपणं आहेत, प्रकल्प नव्हे, सुलक्षणा फार काटेकोर आहे, आपण ती ओळ काढू. हे सगळं ते हसत बोलले. सुलक्षणाकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही.

सुलक्षणानं पंधरावी ओळ मोठ्यानं वाचली.

“झोपाळा, म्हणजेच अविचल-एक. एकसष्ट माणसांच्या शरीरात बसवलेलं. आठव्या वर्षानंतर यंत्र कंप थांबवण्याऐवजी वाढवतं. दुरुस्ती भांडारात आहे, पोचवलेली नाही. प्रकल्प पुसला सुलक्षणा मगदूम यांनी, पान अठ्ठेचाळीस हजार तीनशे सोळा.”

कुरियनबाईंनी सावकाश विचारलं की या शेवटच्या वाक्याचा अर्थ तुम्हाला कळतो ना. सुलक्षणा म्हणाली, ते मीच लिहिलंय. तेव्हा एका संचालकानं तोंड उघडलं. यादी म्हणजे कबुलीजबाब नव्हे, असले शेरे यादीत येत नसतात, ही सही कंपनीला मान्य नाही. दुसरे म्हणाले, भांडारपाल आजच बदलता येईल, तशी तरतूद आहे.

तशी तरतूद होती खरी. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि सुलक्षणानं ते काल संध्याकाळी तीनदा वाचलं होतं. भांडारपाल आपली यादी नियामकाकडं स्वतः धाडतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि यादी पोचल्या क्षणापासून भांडाराला कुणीही हात लावायचा नाही. तिनं समोरचा लॅपटॉप त्या सगळ्यांकडं वळवला, म्हणजे पडदा सर्वांना दिसावा. लपवून काही करायचं नव्हतं तिला. पाच वर्षांपूर्वीचं काम तिनं न बघता केलं होतं. हे सगळ्यांनी बघावं, अशी तिची इच्छा होती.

“सुलक्षणा,” आवटी म्हणाले. एवढंच.

तिनं बटण दाबलं. पोचपावती आली तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“यादी गेली,” ती म्हणाली आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मागायची वेळ तिनं कुणावर येऊ दिली नाही.

पुढचे नऊ महिने सोपे गेले नाहीत. तिची सनद स्थगित झाली. चौकशी समितीपुढं आवटींनी सांगितलं की फोल्डरांची नावं त्यांनी दिली होती असं त्यांना आठवत नाही. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. पुसणाऱ्याचं नाव एकच होतं आणि ते तिनंच लिहून दिलं होतं. समितीतल्या एकानं तिला विचारलं, नाव लिहिलं नसतं तर चाललं असतं, मग का लिहिलं? ती म्हणाली, एकदा मी न बघता पुसलं होतं, आता बघून तेवढाच तुकडा गाळला असता तर ते दुसऱ्यांदा पुसणं झालं असतं. समितीनं ते उत्तर नोंदवून घेतलं. तिच्या वसाहतीत काही जण तिच्याशी बोलेनासे झाले, कारण त्यांच्या घरातली माणसं कंपनीत होती. खरेदीदार कंपनीनं शेवटी ‘अविचल’ घेतलीच, फक्त उशिरा. आणि नियामकानं आदेश काढला की एकसष्टांपैकी जे हयात आहेत त्या सर्वांना दुरुस्ती मिळाली पाहिजे. हयात बेचाळीस होते.

मग एक पेच निघाला. झोपाळ्याचं कोड ज्या जुन्या साधनांनी जोडून डबीत भरायचं, ती वापरायला येणारं कंपनीत कुणी उरलं नव्हतं. नव्या मालकांनी सुलक्षणाला बोलावलं. तिनं एकच अट घातली: प्रत्येक माणसाच्या दुरुस्तीच्या वेळी मी स्वतः हजर असणार. त्यांनी नाइलाजानं मान्य केलं.

पहिलं नाव दस्तगीर शिकलगारांचं निघालं.

मिरजेतल्या एका रुग्णालयात डॉक्टर कांचन बिरनाळे यांच्या खोलीत सगळे जमले. चाचा आले, पुतण्याच्या आधारानं खुर्चीत बसले. सुलक्षणाला त्यांनी पाहिलं, पण बोलले नाहीत. त्या गुरुवारनंतर त्यांनी तिच्याशी एक शब्दही काढला नव्हता. कंपनीतर्फे गोसावी नावाचे पन्नाशीचे अधिकारी आले होते. त्यांनी अतिशय नम्रपणे तीन पानांचा एक कागद पुढं ठेवला. नेहमीचा कागद आहे, म्हणाले, दुरुस्तीआधी सही लागते. सुलक्षणानं उभ्या उभ्या तिसरं पान वाचलं. या दुरुस्तीनंतर रुग्ण वा त्याचे वारस मागच्या कुठल्याही त्रासाबद्दल कंपनीविरुद्ध कुठंही तक्रार करणार नाहीत, असं तिथं लिहिलेलं होतं. नियामकाच्या आदेशात असल्या कागदाचा उल्लेख नव्हता. ती ते बोलायला गेली, पण चाचांनी डावा हात वर करून तिला थांबवलं.

“सही करतो की,” ते गोसावींना म्हणाले. “पण कोणत्या हातानं करू ते सांगा. उजवा तर तुमच्या डबीच्या ताब्यात आहे. आत्ता सही केली तर ती तुमच्या डबीनं केलेली होईल. माझी नव्हे.”

गोसावी म्हणाले, अंगठा चालेल. चाचा म्हणाले, मी चार बुकं शिकलेला माणूस आहे, अंगठा देत नाही. तेव्हा डॉक्टर बिरनाळ्यांनी शांतपणे सांगितलं की साक्षीदार म्हणून त्यांना सही करायची आहे, आणि ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नसलेल्या सहीवर त्या साक्ष देणार नाहीत. गोसावी बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. दुरुस्ती आधी, सही लगेच नंतर, असं ठरलं. बाकीच्या एकेचाळीस जणांचा खोळंबा व्हायला नको, असंही ते म्हणाले.

सुलक्षणानं चाचांच्या गळपट्टीवर पट्टा बसवला. तिची बोटं त्यांच्या सदऱ्याला लागली तेव्हा ते जरा मागं सरले. पडद्यावर जुनं कोड गेलं, नवं आलं. चार मिनिटं लागली. डबी पुन्हा सुरू झाली तेव्हा सुरुवातीला काहीच बदललं नाही, हात तसाच फडफडत राहिला. मग कंप कमी होऊ लागला, झोके लहान लहान होत गेले, आणि हात टेबलावर टेकला. अंगठा तेवढा अधूनमधून हलत होता. तो कदाचित कायमचा हलेल, डॉक्टर म्हणाल्या. मेंदूनं जवळजवळ चार वर्षं चुकीचा ताल ऐकला होता, सगळाच परत येईल असं नाही.

चाचांनी हात उलटा केला, सुलटा केला. पुतण्या रडत होता. त्याला त्यांनी हलकेच गप्प केलं.

मग त्यांनी चष्मा लावला आणि कागद मागितला. तिन्ही पानं सावकाश वाचली. गोसावींनी दोनदा घड्याळ पाहिलं. वाचून झाल्यावर चाचांनी पेन घेतलं, तिसऱ्या पानावर आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: नामंजूर. खाली तारीख घातली. तारखेखाली पूर्ण सही केली, दस्तगीर इमामसाहेब शिकलगार, एकही रेघ न ढळता. डॉक्टर बिरनाळ्यांनी ओळखपत्राशी सही ताडून पाहिली आणि साक्षीदार म्हणून आपली सही केली.

गोसावी म्हणाले की याला सही म्हणत नाहीत.

“सही मागितली होतीत,” चाचा म्हणाले. “दिली. माझ्या हातची आहे.”

गोसावी कागद घेऊन फोन करायला बाहेर गेले. सुलक्षणा पट्टा गुंडाळत होती. इतक्या महिन्यांनी चाचांनी पहिल्यांदा तिच्याकडं बघून प्रश्न विचारला.

“पुढचं नाव कुणाचं?”

जयसिंगपूरच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, तिनं सांगितलं, त्यांची वेळ उद्या सकाळची आहे.

“या कागदाचं त्यांना कुणी सांगितलंय?”

“नाही.”

“आणि बाकीच्या चाळीसांना?”

“त्यांनाही नाही.”

चाचा उठले. पुतण्या हात द्यायला पुढं आला, तो त्यांनी घेतला नाही. दारापाशी ते थांबले.

“तुला माफ केलं असं समजू नकोस.”

“नाही समजत,” सुलक्षणा म्हणाली.

“बरं,” चाचा म्हणाले. “मग गाडी काढ.”